कुंभाराच्या परळात देशी बोन्साय: पहिल्या झाडापासून सुरुवात

बोन्साय शिकायला बसलं की पहिल्यांदा समोर येतात पाइन, मेपल आणि जुनिपर. ही थंड मुलखातली झाडं. हिवाळ्यात त्यांना काही महिने विश्रांती लागते, ती मिळाली नाही की ती वर्षागणिक खंगत जातात. दख्खनच्या पठारावरचा एप्रिल किंवा कोकणातला दमट उकाडा सोसून ती जगवणं म्हणजे रोजची झुंज. दोन-तीन झाडं वाळली की नवखा माणूस म्हणतो, आपल्या हाताला गुणच नाही. खरं तर निवडच चुकलेली असते.

कुंडीचंही तसंच. तोकोनामेसारख्या जपानी गावांतल्या बोन्साय कुंड्या चांगल्या तापवून, दगडासारख्या घट्ट भाजलेल्या असतात. त्यामागे कारण आहे. कच्च्या भाजणीच्या कुंडीत पाणी मुरतं, ते गोठलं की फुगतं आणि कुंडी तडकते. आपल्याकडे पाणी कुंडीत गोठत नाही, त्यामुळे कुंभाराच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजलेली साधी तांबडी कुंडी बोन्सायला चालते. उन्हाळ्यात तर ती जास्त बरी, कारण माठाप्रमाणे तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि मुळं थंड राहतात. तेव्हा कुठलाही नियम वाचला की तो कुठल्या झाडासाठी आणि कुठल्या हवेसाठी केला आहे, हे आधी विचारायचं. पुढचं सगळं त्या हिशोबाने सांगतो आहे.

झाड कोणतं घ्यायचं

पहिलं झाड वडाच्या गोतावळ्यातलंच असावं, यावर मी ठाम आहे. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ही सगळी एकाच फायकस गटातली. पक्ष्यांच्या विष्ठेतून यांचं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा भिंतीच्या फटीत पडतं, आणि चिमूटभर मातीवर ती वर्षानुवर्षं तग धरतात. उथळ कुंडीत राहणं त्यांना नवीन नाही. शिवाय मुळं कापलेली सोसतात, जखमा लवकर भरतात, चुकीच्या ठिकाणी छाटलं तरी नवे डोळे फुटतात.

त्यातलंही नांद्रुक सगळ्यात सोपं. पान मुळातच लहान, फांद्या दाट, साल गुळगुळीत. मात्र रोपवाटिकेत फुगीर मुळांवर कलम बांधून विकतात ते ‘जिनसेंग’ घेऊ नका. जात बहुधा हीच असते, पण त्या बटाट्यासारख्या मुळांतून पुढे झाडाचा आकार काही निघत नाही. वड देखणा, पण पान मोठं, त्यामुळे झाडही थोडं मोठं ठेवावं लागतं. दीड-दोन फुटांपेक्षा लहान वडात पानंच दिसतात, झाड दिसत नाही. उंबराचं खोड भराभर जाड होतं आणि पुढेमागे खोडालाच फळं लगडली तर मजा येते. फक्त एक लक्षात ठेवा: छाटणीने पान लहान होतं, फळ लहान होत नाही. पिंपळ मात्र दुसऱ्या-तिसऱ्या झाडासाठी ठेवा. त्याचा देठ लांब, दोन पानांतलं अंतर जास्त, आणि आतल्या फांद्या सावलीत गेल्या की मरतात.

फायकस नको असेल तर करवंद घ्या. सदाहरित, जाड चकचकीत पान, पांढरी वासाची फुलं, आणि कोरड्या हवेला दाद न देणारं. काटे मात्र जोडीने असतात, हातमोज्याशिवाय तारेला हात घालू नका. बोराच्या फांद्या मुळातच नागमोडी वाढतात, तार न लावताही आकार येतो. कवठाची संयुक्त पानं बारीक असतात आणि चोळली की वास सुटतो. सह्याद्रीच्या माथ्यावर निळ्या फुलांनी भरून जाणारं अंजन फार सुंदर होतं, पण त्याचं खोड बोटाएवढं व्हायलाही वर्षं लागतात. घाई असलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

चिंच मूळची आफ्रिकेतली, म्हणून काटेकोर अर्थाने देशी नाही. पण इतक्या शतकांपासून ती इथे रुळली आहे की तिला बाहेरची म्हणून हाकलायला माझं मन धजत नाही. लावा खुशाल. जेड, बोगनवेल आणि गुलमोहर मात्र या लेखात धरलेले नाहीत.

रोप आणायचं कुठून

सगळ्यात चांगलं रोप तुमच्या इमारतीच्या भिंतीवर, गच्चीच्या कठड्यात किंवा पावसाच्या पाइपाशेजारी उगवलेलं असतं. ते तिथून काढायचंच असतं, नाहीतर भिंत फोडतं. फटीत अडकून वाढल्यामुळे त्याचं बूड आधीच जाड आणि वाकडंतिकडं झालेलं असतं. असं बूड कुंडीत तयार करायला तीन-चार वर्षं जातात.

काढायची वेळ म्हणजे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यानंतर. भिंत ओली असताना गिलावा मऊ पडतो. छिन्नीने रोपाभोवतीचा गिलावा हळूहळू सुटा करा आणि रोप ओढू नका, हलवत हलवत सैल करा. थोडी बारीक मुळं आली तरी पुरतात. पानं निम्मी काढा, रोप लगेच ओल्या फडक्यात गुंडाळा. मूळ काहीच आलं नाही तरी हळहळू नका. वडाचं आणि नांद्रुकाचं अंगठ्याएवढं जाड छाटसुद्धा पावसाळ्यात मुळं धरतं. वाहणारा चीक धुऊन टाका, कापलेला भाग थोडा सुकू द्या आणि छाट जाड वाळूत रोवून सावलीत ठेवा.

रोपवाटिकेतून घेताना उंचीकडे बघू नका. वरची माती बोटाने बाजूला सारून बूड पाहा. खोड जमिनीत शिरताना रुंद होतंय का, मुळं चारी बाजूंना पसरली आहेत का, एखादं मूळ खोडालाच विळखा घालून बसलंय का, हे बघायचं.

जंगलातून रोप आणायचं नाही. राखीव वनातून रोप उपटून नेणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी कड्यावरच्या जुन्या करवंदाचं सोटमूळ खडकात खोल गेलेलं असतं. ते तुटतं आणि झाड बहुतेक वेळा जगत नाही.

आधी खोड, मग कुंडी

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. रोप आणलं की लगेच ते सुंदर उथळ कुंडीत बसवावंसं वाटतं. पण उथळ कुंडीत गेलं की खोडाची जाडी जवळजवळ थांबते. खोड जाड होतं ते पानांच्या जिवावर. पानं जितकी जास्त, तितकं अन्न जास्त. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं रोप मोठ्या पिशवीत, जुन्या पाटीत किंवा सरळ जमिनीत वाढू द्या. शेंडा मोकळा सोडा. खालची एक फांदीही मुद्दाम लांब वाढू द्या. ती बुडाजवळचं खोड जाड करते आणि काम झालं की कापून टाकायची असते.

या काळात एकच गोष्ट करून ठेवा. रोप लावताना सोटमूळ छाटा आणि बुडाखाली एक चपटी फरशी किंवा कौलाचा तुकडा ठेवा. मुळं खाली जाऊ शकत नाहीत, म्हणून आडवी पसरतात. बोन्सायचं वय डोळ्याला कळतं ते या पसरलेल्या मुळांवरून, आणि ही मुळं नंतर घडवणं फार अवघड जातं.

कुंभाराकडे काय सांगायचं

झाड मोठं होतंय तोवर कुंडीची तयारी करा. कुंभाराकडे जायचं तर पावसाळ्याआधी बरंच, मार्चच्या आतच. पावसात भांडी सुकत नाहीत, आवा लावता येत नाही, आणि तुम्हाला कुंडी तर जूनमध्ये हवी असते.

‘बोन्सायची कुंडी’ म्हटलं तर बाजारातली रंगवलेली, एका भोकाची तबकडी मिळण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा ‘काका, उभ्या काठाचा परळ करून द्याल का, तळाला भोकं आणि तीन पाय लावून?’ असं विचारा. परळ, म्हणजे मातीचं पसरट, उथळ भांडं, हा त्यांच्या रोजच्या हातातला घाट आहे. कागदावर मापं काढून न्या, आणि शक्य असेल तर पुठ्ठ्याचा तळाच्या आकाराचा गोल कापून न्या. ओली माती सुकताना आणि भाजताना आटते. मातीप्रमाणे फरक पडतो, पण साधारण दहावा हिस्सा धरून चाला. तीस सेंटिमीटरची कुंडी हवी असेल तर चाकावर ती तेहतीसची करायला सांगा.

पहिली कुंडी गोलच घ्या. चौकोनी कुंडी चाकावर होत नाही, थापलेल्या पाट्या जोडून करावी लागते, आणि कोपऱ्यांत ती सुकतानाच तडकते. रुंद सपाट तळही तडकण्याचा धोका असतो. तळ नीट दाबून घट्ट केलेला असेल आणि कुंडी सावलीत हळू सुकवली असेल तर तो कमी होतो. चांगला कुंभार हे तुमच्यापेक्षा जास्त जाणतो, त्याला शिकवायला जाऊ नका. त्याच्या मातीला कुठला घाट सोसतो, तेवढं विचारा आणि ऐका.

सांगायच्या गोष्टी मोजक्याच आहेत, पण त्यांवर अडून बसा. एक, तोंड आत वळलेलं नको. माठासारखं आत वळलेलं तोंड असलं की दोन वर्षांनी मुळांचा गोळा बाहेर येत नाही आणि कुंडी फोडावी लागते. दोन, भोकं. तळाला किमान तीन मोठी भोकं हवीत. सोबत अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन जा आणि कुंडी अर्धवट सुकलेली असताना त्याने भोकं पाडायला सांगा. बाहेरून आत पाडली तर आतल्या बाजूला मातीची कड उभी राहते आणि तिच्याभोवती पाणी साचतं. म्हणून भोक आतून बाहेर पाडायचं आणि आतली कड बोटाने गुळगुळीत करायची. मोठ्या भोकांच्या शेजारी तार ओवायला खिळ्याएवढी दोन-चार बारीक भोकंही असू द्यावीत. तीन, पाय. गोल कुंडीला तीनच पाय लावा, चार असले की एक अधांतरी राहतो. पायांची उंची बोटाच्या पेऱ्याएवढी असावी, म्हणजे भोकांखालून हवा खेळते आणि गच्चीची तापलेली फरशी थेट तळाला लागत नाही. चार, आतून-बाहेरून रंग नको. तैलरंगाने मातीची छिद्रं बुजतात, मग तांबड्या कुंडीचा फायदा काय राहिला?

खोलीबद्दल पुस्तकी नियम असा की कुंडीची खोली खोडाच्या बुडाच्या जाडीएवढी. आपल्या उन्हात तो जसाच्या तसा पाळू नका. सुरुवातीला आठ-नऊ सेंटिमीटर खोली ठेवा. रुंदीला झाडाच्या उंचीचा दोन-तृतीयांश हा नियम चालतो.

कुंडी हातात आली की बोटाच्या पेराने टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली तर भाजणी नीट. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे किंवा ती कच्ची आहे. शंका असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कच्ची असेल तर सकाळी अंगठ्याने घासल्यावर माती सुटते. मग तळात थोडं पाणी ओता. ते भोकांकडे वाहून जायला हवं, मध्येच डबकं राहिलं तर ती कुंडी पावसाळ्यात मुळं कुजवणार.

माती: इथेच झाडं जगतात किंवा मरतात

कुंडी जितकी उथळ, तितकी माती लवकर सुकेल असं वाटतं. वरचा थर सुकतो, पण निचऱ्याच्या बाबतीत उलटंच घडतं. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतही तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो आणि त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. खोल कुंडीत तो तळाला राहतो. उथळ कुंडीत मात्र निम्मी मुळं त्यातच बुडतात. तळाला खडे टाकूनही हा थर जात नाही, उलट तो वर सरकतो. उपाय एकच, सगळं मिश्रणच जाड कणांचं ठेवायचं.

म्हणून काळी माती वर्ज्य. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात. साधं मिश्रण असं: सहा भाग विटांचा चुरा, दोन भाग मुरूम किंवा जाड वाळू, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. वीट पक्की भाजलेली घ्या. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी चिखल झाला तर ती वीट कामाची नाही. चुरा दोनदा चाळा. पाच मिलिमीटरवर अडकलेले तुकडे पुन्हा ठेचायला आणि दोन मिलिमीटरखाली गळलेली पूड बागेत टाकायला. पूड ठेवण्याचा मोह होतो, पण तीच पहिल्या पावसात तळाशी जाऊन भोकं बुजवते. कोकणात आणि घाटमाथ्यावर खताचा वाटा निम्मा करा. मराठवाडा-विदर्भात खत थोडं वाढवलं तरी चालेल.

कुंडीत बसवणं

फायकससाठी पावसाळ्याची सुरुवात उत्तम. बोराचं वेळापत्रक वेगळं आहे. ते उन्हाळ्यात विश्रांती घेतं, म्हणून शेतकरीही एप्रिल-मे महिन्यांतच बोराची छाटणी करतात. बोराची मुळंही तेव्हाच हाताळा.

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या आणि नवी कुंडी रात्रभर भिजत ठेवा. कोरडी कुंडी मुळांच्या वाटचं पाणी शोषून घेते. भोकांवर प्लास्टिकची जाड जाळी ठेवा, मच्छरदाणीची नको, ती तुंबते. बारीक भोकांतून ॲल्युमिनियमची तार ओवून दोन्ही टोकं वर उभी ठेवा. आता झाड काढा, बांबूच्या काडीने मुळं बाहेरच्या दिशेने विंचरा. खाली जाणारी जाड मुळं कापा, बारीक जटा राखा. फायकसची निम्मी मुळं गेली तरी चालतात, करवंदाची आणि कवठाची एक-तृतीयांशाहून जास्त काढू नका. मुळं जितकी गेली त्या मानाने वरची पानंही कमी करा.

कुंडीत मिश्रणाची छोटी उंचवटी करा, झाड त्यावर दाबून फिरवत बसवा आणि तारेने घट्ट बांधा. नवखे ही पायरी हमखास गाळतात. वाऱ्याने झाड तसूभर जरी हललं तरी नवी फुटलेली मुळं रोज तुटतात आणि महिनाभर झाड का सुधारत नाही हे कळत नाही. उरलेलं मिश्रण घालून काडीने टोचत राहा, पोकळी राहू देऊ नका. शेवटी झारीने पाणी घाला, खालून नितळ पाणी येईपर्यंत. दोन-तीन आठवडे उजेडाच्या सावलीत, आणि दीड महिना कसलंही खत नाही.

पाणी

‘दिवसातून किती वेळा’ याला उत्तर नाही. पण मातीच्या कुंडीत एक सोय आहे जी चिनी मातीच्या चकचकीत कुंडीत नसते: कुंडीच तुम्हाला सांगते. पाणी घातल्यावर बाहेरची भिंत गडद होते. मग वरून खाली फिकट पट्टा उतरत येतो. पट्टा निम्म्यावर आला की बोट मातीत एक पेर खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या. आठवडाभर हे बघितलं की पुढे नजरेनेच कळतं. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ द्यावं लागेल. दुपारच्या उन्हात कुंडीच्या भिंतीला ओलं गोणपाट गुंडाळलं तर फार फरक पडतो. झडीच्या पावसात उलटी काळजी घ्या. कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सारा. तिरप्या कुंडीत उंची वाढते आणि स्पंजासारखंच जास्तीचं पाणी निघून जातं.

बोअरच्या जड पाण्याने कुंडीवर पांढरे क्षार चढतात. बाहेरून ब्रशने घासा, पाहिजे तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून. महिन्यातून एकदा पावसाचं साठवलेलं पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढा. आणि झाड घरात ठेवू नका. बैठकीत दोन दिवस पाहुणं म्हणून यावं, बाकी त्याची जागा उन्हात.

आकार

सुरुवातीला तारेपेक्षा कात्रीने शिका. चीनच्या दक्षिणेकडच्या लिंगनान पद्धतीत झाड मुख्यतः छाटूनच वळवतात आणि फायकसला ती फार मानवते. फांदीला सहा-आठ पानं येऊ द्या, मग दोनवर छाटा. ज्या पानावर छाटलं त्याच्या बगलेतला डोळा फुटतो आणि फांदी त्याच दिशेला वळते. बाहेरच्या बाजूचं पान राखलं की फांदी बाहेर, उजवीकडचं राखलं की उजवीकडे. फांदीला खरीखुरी वळणं मिळतात. फायकस कापल्यावर पांढरा चीक वाहतो. पाण्याचा हबका मारा, थांबतो. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

तार लावायचीच असेल तर ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या एक-तृतीयांश, साधारण पंचेचाळीस अंशांत गुंडाळा. पावसाळ्यात फायकसची फांदी इतक्या वेगाने भरते की काही आठवड्यांतच तार सालीत रुतते. दर आठवड्याला बघा. काढताना उलगडू नका, तुकडे करून काढा.

पानं लहान करण्यासाठी सगळी पानं देठ राखून कापण्याची युक्ती वड आणि नांद्रुकाला चालते. झाड ठणठणीत असेल आणि कुंडीत दोन-तीन वर्षं मुरलेलं असेल, तरच, उन्हाळ्याच्या शेवटी. करवंद आणि अंजनावर हा प्रयोग नको.

थोडं खत, थोडी कीड

निंबोळी किंवा शेंगदाण्याची पेंड चिमूटभर, मातीच्या कडेने, महिन्यातून एकदा. कडक उन्हाळ्यात बंद. पानं घडी घालून मिटलेली दिसली तर आत फुलकिडे असतात, ती पानं तोडून टाका. फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. जुन्या ब्रशने साबणाचं पाणी लावून घासा, नंतर लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल साबणात घोळून संध्याकाळी फवारा. मुंग्या खोडावर ये-जा करत असतील तर ढेकूण आहेच असं समजून शोधा.

तरण्या फायकसची कुंडी दर दोन वर्षांनी मोकळी करून मुळं छाटायची, बोर-करवंदाची तीन वर्षांनी. कुंभाराकडून एकाच मापाच्या दोन कुंड्या आणलेल्या बऱ्या. तांबडी कुंडी कधी ना कधी मांजराच्या धक्क्याने फुटते, आणि ती नेमकी मे महिन्यात फुटली तर झाड मुळं न छाटता जसंच्या तसं दुसरीत सरकवता येतं. फुटलेली पक्की भाजलेली असेल तर ठेचून, चाळून विटांच्या चुऱ्यात मिसळा.